इंदूरच्या राजेंद्रनगरजवळच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात, इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश मिळवणाऱ्या इंडस-2 या यंत्रासाठी क्लायस्ट्रॉन सोडून ट्रान्झिस्टरचे आरएफ अॅम्प्लिफायर का बसवले?

मुख्य कारण असं की क्लायस्ट्रॉन, म्हणजे आरएफ (रेडिओ लहरींची) शक्ती वाढवणारी एकच मोठी निर्वात नळी, बंद पडला की त्याची सगळी शक्ती एकदम जाते, पण शेकडो ट्रान्झिस्टर मॉड्यूलपैकी एखाद-दुसरं जळलं तरी अॅम्प्लिफायर चालू राहतो. 2.5 जीईव्ही (अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला इंडस-2 मधला प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीत सुमारे 6 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने गमावतो. ती 505.8 मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटींमधून, म्हणजे आरएफ लहरींनी इलेक्ट्रॉनला ढकलणाऱ्या धातूच्या पोकळ्यांमधून, सतत भरून द्यावी लागते. त्यात खंड पडला की बीम, म्हणजे फिरणारा इलेक्ट्रॉनचा झोत, गेलाच. शिवाय क्लायस्ट्रॉनला हजारो व्होल्टचा पुरवठा लागतो आणि ही नळी परदेशातून आणावी लागते. ट्रान्झिस्टर मॉड्यूल साधारण 50 व्होल्टवर चालतं आणि इथेच बनवता, दुरुस्त करता येतं. आपल्या इंदुरात हे काम झालं याचा मला मनापासून अभिमान आहे. मी मायक्रोवेव्ह हा विषय शिकवतो. वरची माहिती त्या अभ्यासातली आणि आरआरकॅटच्या प्रसिद्ध तांत्रिक लेखांतली आहे.

खरी मेहनत जोडणीत असते. सगळ्या मॉड्यूलच्या लहरींची कला, म्हणजे फेज (चढ-उताराची वेळ), जुळली नाही तर शक्ती कॅव्हिटीकडे न जाता उष्णता होऊन वाया जाते. कॅव्हिटीकडून परतणाऱ्या लहरींनी ट्रान्झिस्टर जळू नये म्हणून लहरींना एकाच दिशेने जाऊ देणारा सर्क्युलेटर लागतो, आणि पाण्याने थंड ठेवणंही आलंच.

मात्र हे सगळीकडे लागू नाही: 3 गिगाहर्ट्झच्या आसपास मेगावॉटचे क्षणिक स्पंद हवे असतील, तर आजही बहुधा क्लायस्ट्रॉनच वापरतात.