निबंध जमा करण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्क्रीन आणि झोप यांवरच्या तुझ्या निबंधाचा तिसरा मसुदा सावकाश वाचला. 'आता फक्त शुद्धलेखन आणि संदर्भसूची राहिली आहे', असं तू सोबत लिहिलं आहेस. मला तसं वाटत नाही. निबंध चांगलाच आहे, मांडणीही सुटसुटीत झाली आहे. पण जेवढं तुझ्या हाती लागलं आहे, त्यापेक्षा तो जास्त ठामपणे बोलतो. उरलेला वेळ मी तरी तिथेच घालवला असता.

दुसऱ्या पानावरचं तुझं वाक्य बघ: 'स्क्रीनच्या प्रकाशामुळे झोप उद्ध्वस्त होते, हे सिद्ध झाले आहे.' पुढे कंसात २०१५ सालच्या शोधनिबंधाचा संदर्भ. तो निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला होता, आणि तुझ्या वाक्याचा सूर बघता तू त्याच्यावरची बातमी वाचली असावीस. आता मूळ निबंधातला पद्धतीचा भाग उघड. सहभागी १२ जण. ते सगळे दोन आठवडे प्रयोगशाळेतच राहिले. पाच रात्री त्यांनी झोपण्याआधी साधारण चार तास मंद उजेडाच्या खोलीत, पूर्ण प्रखर ठेवलेल्या स्क्रीनवर वाचन केलं आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचलं. स्क्रीनच्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटं जास्त लागली, मेलाटोनिन (रात्र झाल्याचा इशारा शरीराला देणारं संप्रेरक) कमी झालं, सकाळी मरगळही जास्त होती. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेतच. पण 'उद्ध्वस्त' आणि 'सिद्ध' हे दोन्ही शब्द त्यांना पेलत नाहीत.

म्हणून हे वाक्य असं लिहून बघ: 'प्रयोगशाळेत झोपण्याआधी चार तास प्रखर स्क्रीनवर वाचणाऱ्या १२ जणांना, छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत, झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटे उशीर झाला.' वाक्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटेल. पण लगेच पुढचे प्रश्न सुचू लागतील. अंथरुणात अर्धा तास मोबाइल बघणाऱ्याचं काय? त्याला जागं ठेवतो तो प्रकाश, की समोर आलेला संदेश? तिसऱ्या पानावर तू ज्या प्रश्नावल्यांचे निकाल दिले आहेस, त्यांतून मोबाइलमुळे झोप येत नाही हे कळतं, की झोप येत नाही म्हणून लोक मोबाइल हातात घेतात? एकाच वेळी दोन्ही गोष्टी विचारणाऱ्या प्रश्नावलीला याचं उत्तर देता येत नाही. तुझ्या निबंधाचा खरा विषय इथे आहे. चौथ्या पानाच्या तळाशी एका परिच्छेदात तू त्याला हात लावला आहेस आणि लगेच सोडूनही दिला आहेस. तो परिच्छेद वर आण, प्रस्तावनेतला दावा त्यावरून नव्याने लिही.

आता मूळ साधनापर्यंत जाण्याबद्दल थोडं. मी एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो. पालकात लोह भरपूर असतं हा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, मूळ आकडा दहापट फुगला, ही गोष्ट तू ऐकली असशील. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती आली, पण तिला संदर्भ दिलेला नव्हता. पुढे अनेकांनी ती उचलली, आणि तीही विज्ञानात काळजी किती घ्यावी लागते याचा दाखला म्हणून! माइक सटन या अभ्यासकाने तिचा माग काढला आणि २०१० मध्ये दाखवून दिलं की त्या दशांशचिन्हाच्या चुकीला काही पुरावाच सापडत नाही. ती सांगणारी माणसं शिकलेली होती, पण मागच्याने कुठे वाचलं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. तुझ्या संदर्भसूचीतली ज्यांची फक्त सारांशाची पानं वाचली आहेत अशी साधनं वेगळी काढ. प्रत्येकाची पद्धत, निष्कर्ष आणि मर्यादा हे तीन भाग वाच. ज्याला वेळ मिळणार नाही, ते काढून टाक. सूची लहान झाली तरी चालेल.

एखादा निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का, हेही बघून घे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लॅन्सेटमधला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तोवर १२ वर्षं गेली होती. संदर्भ साठवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असशील तर मागे घेतलेल्या निबंधावर ते तशी खूण दाखवतं. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ असेल तर तो खरोखर अस्तित्वात आहे का इथपासून तपासायला लागायचं. मदत घेतली असेल तर कोर्सच्या नियमाप्रमाणे ती स्पष्ट नोंदव.

संदर्भ लिहायची शैली एमएलए की एपीए, हा प्रश्न सोपा आहे: शिक्षकांनी सांगितली ती शैली, आणि शेवटपर्यंत तीच.

पोर्टफोलिओबद्दल, म्हणजे कोर्समधल्या तुझ्या लेखनाच्या संग्रहाबद्दल, मात्र तुझ्याशी माझं पटत नाही. फक्त नीटनेटकं झालेलं काम त्यात ठेवायचं तू ठरवलं आहेस. मुळात पोर्टफोलिओ आला कशासाठी? १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलॅनॉफ यांनी एका बैठकीत लिहायच्या परीक्षेऐवजी पोर्टफोलिओ आणला. एका बैठकीतल्या लेखनावरून माणूस कसा लिहितो ते कळत नाही, म्हणून वेळ घेऊन, सुधारत लिहिलेलं काम बघायचं. मग तू सुधारलंस कसं, हेच लपवलंस तर वाचणाऱ्याने बघायचं काय?

पहिला मसुदा ठेव, अगदी तो ठाम आणि उथळ परिच्छेदसुद्धा. शेजारी आजचा परिच्छेद ठेव. आणि पोर्टफोलिओसोबत स्वतःच्या लेखनाबद्दल जे चिंतनपर टिपण द्यायचं, त्यात 'या कोर्समुळे मला खूप शिकायला मिळाले' असलं वाक्य नको; ते कुणीही कुठल्याही कोर्सबद्दल लिहू शकतं. त्याऐवजी लिही की 'उद्ध्वस्त' हा शब्द का गेला, कुठला आकडा वाचल्यावर गेला, आणि त्यानंतर प्रश्न कसा बदलला. वर्गातल्या मैत्रिणीने दिलेली एखादी सूचना तू नाकारली असशील तर तीही घाल, कारणासकट. विचार करून नाकारलेली सूचना मला मुकाट्याने स्वीकारलेल्या दहा सूचनांपेक्षा जास्त सांगते. टिपण दीड-दोन पानांचं पुरे, पण ते सगळ्यात शेवटी, घाईत लिहू नकोस. निबंध दुरुस्त करतानाच शेजारी नोंदी करत जा, नाहीतर कुठलं वाक्य का बदललं ते आठवणार नाही.

निष्कर्षाचा परिच्छेद मी मुद्दाम तपासलेला नाही, कारण दावा बदलला की तोही बदलणारच. आधी प्रस्तावना आणि दुसरं-तिसरं पान नव्याने लिहून पाठव. लांबलं तरी हरकत नाही, कापायचं नंतर बघू. फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक घाल आणि जुनी फाइल पुसू नकोस. पोर्टफोलिओसाठी ती लागणार आहे.

तुझा,
सर