परदेशात मिशनवर स्वयंसेवा केल्याने श्रद्धा वाढते का?

तुम्ही विचारलंय की नर्सिंग झालंय, चर्चच्या ओळखीने सहा महिने परदेशी मिशनवर जायची संधी आलीय, तर त्याने श्रद्धा वाढते का आणि माणूस म्हणून आपण घडतो का. घडतो. श्रद्धेचं मात्र एका शब्दात सांगता येणार नाही. हा प्रश्न आमच्या घरी दहा वर्षं जेवताना निघतोय, म्हणून जरा लांबण लावते.

मी नगरची. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागलेली नाही.) २०१५ च्या ऑक्टोबरात मी मर्सी शिप्स या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या 'आफ्रिका मर्सी' या रुग्णालयाच्या जहाजावर तीन महिन्यांसाठी गेले. जहाज तेव्हा मादागास्करच्या तोआमासिना बंदरात उभं होतं. मूळची ही डेन्मार्कमधली रेल्वेचे डबे वाहणारी फेरीबोट, आता पोटात ऑपरेशन थिएटरं. पगार नाही. उलट राहण्या-जेवणाचे पैसे आपणच भरायचे, विमानाचं तिकीटही आपलंच. मस्कतला नोकरी करून साठवलेलं त्यात गेलं. दाजी तेव्हाच म्हणाले होते, "इथे पेशंटला खाट मिळत नाही, आणि ही पैसे भरून आफ्रिकेत बेडपॅन उचलायला चालली."

वॉर्डातलं काम आवडलं. फाटलेले ओठ, गलगंड, भाजून आखडलेले हात. पेशंटचा नातेवाईक त्याच्याच खाटेखाली गादी टाकून झोपायचा, त्यामुळे रात्री बीपी घेताना खालून एखादा हात बाहेर आलेला असायचा, तो चुकवून उभं राहायचं. अंघोळीला दोन मिनिटं पाणी. गोऱ्या नर्सना पोरं 'वाझाहा', म्हणजे परदेशी गोरे, म्हणायची, मला 'कराना', म्हणजे तिथला भारतीय वंशाचा व्यापारी. कराना प्रार्थनेला बसते याचं त्यांना भारी नवल.

आता जे सांगायचंय ते. जहाजावर घ्यायचे पेशंट आधी निवडतात. आत पठारावरच्या एका गावी अशा निवडीच्या दिवशी मला रांगेवर उभं केलं होतं. पहाटेपासून माणसं. त्यात चाळिशीचा एकजण, तोंडाभोवती कापड गुंडाळलेलं. त्याने ते जरा बाजूला करून जबडा दाखवला. गाठ नारळाएवढी. दुभाषी लांब होता. मला भाषा येत नव्हती, चार शब्द येत होते. मी त्याचा हात धरला आणि हसून म्हणाले, "त्सारा, त्सारा." म्हणजे चांगलं. माझ्या मनात, घाबरू नका, एवढंच.

तीन तासांनी सर्जननी तपासलं. कर्करोग, पसरलेला. जहाजावर काही करता येण्यासारखं नव्हतं. त्याला नीट बसवून, दुभाष्यामार्फत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दारातून माझ्याकडे बोट केलं. ती तर त्सारा म्हणाली होती.

ज्यांना नकार मिळतो त्यांच्यासोबत बसून प्रार्थना करायला एक कोपरा केलेला होता. मीच गेले त्याच्याबरोबर. शब्द सुचेनात, म्हणून लहानपणापासून पाठ असलेलं मराठीतच सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". आणि 'आमची रोजची भाकर' इथे अडखळले. शाळेत पोरी आम्हाला चिडवायच्या, तुम्ही दुष्काळात भाकरीसाठी बाटलात म्हणून. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा १८७६-७८ च्या दुष्काळातलाच, त्यामुळे उत्तरही देता यायचं नाही. तो शब्द त्या दिवशी त्या माणसासमोर घशात अडकला. त्याने दुभाष्याला विचारलं, ही काय मागतेय? दुभाषी म्हणाला, खायला. तो म्हणाला, "भात आहे घरी. दुसरं माग म्हणावं."

मी नाही मागितलं. एकदा त्सारा म्हणून झालं होतं.

परत आल्यावर रविवारी पाळक साहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. मी गलगंडाचं ऑपरेशन झालेल्या बाईची गोष्ट सांगितली, मंडळीने हालेलुया म्हटलं. घरी आल्यावर चपला काढता काढता दाजी म्हणाले, "आणि ज्यांना परत लावलं त्यांचं काय?" त्यांना जबड्यावाल्याचं काहीच माहीत नव्हतं. नेम लावून मारल्यासारखं लागलं.

तेव्हा श्रद्धेचं माझ्यापुरतं सांगायचं, तर देवाच्या वतीने परस्पर शब्द द्यायची सवय मोडली. ही वाढ की घट, पाळक साहेबांचं आणि माझं अजून एकमत नाही.

तिथे श्रद्धा पेरायला जात असाल तर जाऊच नका. त्याच तोआमासिनात १८१८ साली दोन वेल्श मिशनरी उतरले, मागाहून बायकामुलांनाही घेऊन आले. काही महिन्यांत तापाने एकटा डेव्हिड जोन्स उरला. १८३५ मध्ये मालागासी बायबल छापून पूर्ण झालं आणि त्याच वर्षी राणी रानाव्हालोनाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मिशनरी गेले, कित्येक श्रद्धावंत मारले गेले, आणि १८६१ ला राणी वारली तेव्हा तिथली ख्रिस्ती मंडळी आधीपेक्षा मोठी होती. त्यांना आपली गरज आहे ती टाके घालायला. दोन आठवडे जाऊन शाळेची भिंत रंगवणं आणि पोरांबरोबर फोटो काढणं ही सहल आहे, तिला मिशन म्हणू नका. तिथे रंगारी आहेत.

दाजींचा मुद्दा, आपल्या गावात काय रोगी कमी आहेत? दाजी, तुमचा जन्म नगरच्या बूथ हॉस्पिटलातला, ते मूळचं अमेरिकन मिशनचं. त्या मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला, १८२६ ला नाशिकच्या दौऱ्यात पटकीने मेला. त्याच्याही गावात रोगी असतीलच. प्रत्येकाने आधी आपलं गाव आटोपायचं ठरवलं असतं, तर तुमच्या आईचं बाळंतपण कुठे झालं असतं?

हे सगळं दहा वर्षांपूर्वीचं. नियम बदलले असतील, संस्थेशी बोलून घ्या. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. कर्ज काढून जाऊ नका. आणि लग्न ठरलेलं असेल तर सासरी आधी सांगा, नंतर नाही.

आणखी एक, जे साक्षीत सांगितलं नव्हतं. मी तिकडे असताना आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलून रिक्षात घालणारे, महिनाभर रात्री उशाशी बसणारे दाजीच. त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत. बाकी सगळ्यावर बोलतात.