टाळ कुणाचे?

मनू,

तुझा निरोप काल रात्री तीनदा ऐकला. बाकावरची मैत्रीण म्हणाली, "टाळ, मृदंग, अभंग हे सगळं वारकऱ्यांचं. तुम्ही ख्रिस्ती लोक चर्चमध्ये आमची नक्कल करता." तिचे आजोबा दरवर्षी वारीला जातात, तेव्हा ती अधिकाराने बोलली असणार. तुला उत्तर सुचलं नाही. आजीला विचारलंस, तर ती म्हणाली, "पप्पांना विचार, चर्चचे पाळक ते आहेत." आजीने काम बरोबर माझ्याकडे, इथे स्कॉटलंडला ढकललं!

आधी कबुली देतो. हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी त्यावर चुकीचा वागलो होतो. सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शाळेतून, नवानवा पाळक होऊन मी सोलापुरात आलो, तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता. आपल्या चर्चच्या मंडळीतले गिरणी कामगार शनिवारी रात्री देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्येच, भजनाला बसायचे. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना गिरणी कामगारच म्हणत. रविवारच्या उपासनेतही त्यांचेच टाळ आणि त्यांचीच ढोलकी. मला हे फार गावठी वाटायचं. उपासना कशी, शांत आणि शिस्तीची हवी! मी टाळ-ढोलकी कपाटात ठेवायला लावली, की-बोर्ड आणला आणि इंग्रजी चालींची गीतं सुरू केली. दोन महिन्यांत मागचे बाक रिकामे झाले. कुणी भांडायला आलं नाही, तेच जास्त लागलं.

मग एका आजोबांच्या घरी गेलो. ते शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बसले होते. मलाही अर्धी भाकरी दिली आणि म्हणाले, "काय सांगू साहेब, त्या चालीच्या मागं पळून पळून धाप लागतीया. तुमचं गाणं संपतंय, आन् मी अजून दुसऱ्या ओळीवरच."

पुढच्या रविवारी टाळ बाहेर आले. की-बोर्डही राहिला, कारण तो वाजवणारा मुलगा रुसला असता.

आता इथली गंमत ऐक. इथली मंडळी छोटी आहे, बहुतेक म्हातारी माणसं. बाहेर इतकी थंडी की मी सोलापुरी चादर पांघरून प्रवचन लिहितो. ही माणसं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गातात, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हेच. पण गातात ते त्यांच्या जुन्या पोवाड्यांच्या छंदात. 1650 साली इथल्या चर्चने सगळी स्तोत्रं अशी छंदात बसवलेलं पुस्तक स्वीकारलं आणि आजही ते वापरात आहे. हे स्तोत्र ज्याचं म्हणतात, तो दावीद राजा तर हिब्रूत गायला. त्याला हा छंद कुठून ठाऊक असणार? तरी इथल्या एखाद्या आजीला सांगून बघ की बाई, तुम्ही नक्कल करता. काठी घेऊन मागे लागेल.

आणि ऑर्गन! ज्या आवाजाला मी 'खरा ख्रिस्ती' समजून आपल्या देवळात आणायला निघालो होतो, त्याला इथल्याच लोकांनी 1860च्या दशकापर्यंत दाराबाहेर ठेवलं होतं. देवाच्या घरात वाद्य कशाला, यावरून मोठे वाद झाले. हे मला आधी माहीत असतं, तर त्या आजोबांची धाप वाचली असती.

आजीला शाळेत 'केवढे हे क्रौर्य' कविता होती, तिला म्हणायला लाव. ती लिहिणारे नारायण वामन टिळक 1861 साली कोकणात ब्राह्मण घरात जन्मले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पूल ओलांडल्यावर तो पाडायचा नसतो, हे त्यांना कळलं होतं. मला कळायला दोन महिने आणि रिकामे बाक लागले. लहानपणापासून देवाला ज्या बोलीत हाक मारली, त्याच बोलीत त्यांनी येशूला हाक मारली. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं त्यांचीच आहेत. याला मी नक्कल म्हणणार नाही. तुझं नाक आजीसारखं आहे, म्हणून तू आजीची नक्कल करतेस का?

आणि पेटी? ती युरोपातून आली. आज तिच्याशिवाय आपल्याकडच्या गावात भजन उभं राहत नाही. पण हे मैत्रिणीला लगेच ऐकवू नकोस, भांडण वाढेल.

कारण तिचं थोडं खरंही आहे. आषाढात शेगावची पालखी सोलापुरात येते, तेव्हा आजी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असलं तरी. त्या वेळी नीट बघ. टाळाला चुकून पाय लागला, तर तो उचलून कपाळाला लावणारी माणसं आहेत ती. आपल्या शनिवारच्या भजनात मुलं टाळ बाकाखाली सरकवून चहाला पळतात. मैत्रिणीच्या आजोबांनी ते पाहिलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि ते बरोबर असेल. शिवाय 'सगळं एकच असतं गं' असं म्हणून सुटू नकोस. आपल्या भजनात विठ्ठलाचं नाव येत नाही, त्यांच्यात येशूचं येत नाही. हे तिच्या आजोबांना माहीत आहे, मलाही आहे. तरी चाल एकच असू शकते.

देवळाच्या कपाटात डावीकडे टाळांच्या पाच जोड्या आहेत. त्यातल्या एकीची दोरी मी निघालो तेव्हाच तुटली होती. ती घेऊन मैत्रिणीच्या घरी जा आणि गाठ कशी मारायची ते आजोबांना विचार. मला कधी नीट जमली नाही, माझी दर दोन महिन्यांनी सुटायची. जाताना चपला बाहेर काढ, आणि आजीने दिलेला डबा विसरू नकोस.

तुझे
पप्पा