वडिलांची सही नसताना मुलाला जांबोरीला पाठवता येईल का?

ठाण्याच्या वर्तकनगरमधून एका आईने पत्र लिहिले आहे. त्या पतीपासून वेगळ्या राहतात, घटस्फोटाचा दावा ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित आहे आणि १५ वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ आहे. मात्र त्याच्या ताब्याबाबत अद्याप कोणताही आदेश झालेला नाही. पोलंडमधील गदान्स्क येथे ३० जुलै ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात भरणाऱ्या जागतिक स्काउट जांबोरीसाठी, म्हणजे स्काउटांच्या आंतरराष्ट्रीय शिबिरासाठी, मुलाच्या स्काउट पथकाने त्याचे नाव सुचवले आहे. ऐरोलीला राहणारे वडील पासपोर्टच्या कागदांवर सही करण्यास नकार देतात. ‘पतीचा ठावठिकाणा माहीत नाही, असे लिहून द्या,’ असा सल्ला एका नातेवाइकाने दिल्यामुळे आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

तो सल्ला आपण कृपया मुळीच मानू नये. पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय माहिती दडवून मिळवलेला पासपोर्ट कलम १० अन्वये जप्त होऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान मला ताब्याच्या वादात दिसते. ज्या न्यायालयाच्या नोटिसा आपल्या पतीला त्यांच्या ऐरोलीच्या पत्त्यावर जातात, त्याच न्यायालयासमोर हे खोटे विधान आले तर आपल्या इतर खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल.

आणि खोटे बोलण्याची गरजही नाही. एका पालकाची संमती मिळत नसेल, तर दुसऱ्या पालकाला ‘ॲनेक्श्चर सी’ या नमुन्यात स्वयंघोषणापत्र देऊन अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. त्यात पतीने संमती नाकारली आहे, दावा प्रलंबित आहे आणि पासपोर्टला मनाई करणारा कोणताही आदेश नाही, हे जसे आहे तसे लिहावे. जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवडल्या गेलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट वडिलांच्या हरकतीमुळे अडला होता. तिच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे सांगून पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. आपली परिस्थिती त्या प्रकरणाच्या बरीच जवळची आहे. तरीही अर्ज नाकारला गेला, तर कारणे लेखी मागून घ्यावीत. अपील आणि उच्च न्यायालयातील रिट याचिका हे दोन्ही मार्ग त्या कारणांवरच उभे राहतात.

मात्र पासपोर्ट हाती आला म्हणजे काम झाले, असे समजू नये. पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, येतो आणि अज्ञान मुलाच्या व्हिसा अर्जासोबत पालकांच्या संमतीचा पुरावा मागितला जातो. तेथे ॲनेक्श्चर सी पुरे पडेल, असे मी गृहीत धरणार नाही. म्हणून प्रलंबित दाव्यातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली अंतरिम अर्ज करून, या एका प्रवासापुरती परवानगी आणि वडिलांच्या सहीविना व्हिसासाठी अर्ज करण्याची मुभा, अशा दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत मागाव्यात. हा अर्ज आताच करावा, कारण तारखा पडत जातात आणि शिबिर आपल्यासाठी थांबणार नाही.

वडिलांच्या आक्षेपांकडे केवळ अडवणूक म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते. दक्षिण कोरियातील सेमांगुम येथे २०२३ साली झालेल्या जांबोरीत तीव्र उष्म्याने अनेक मुले आजारी पडली आणि पुढे वादळाच्या इशाऱ्यामुळे सर्वांना तळ सोडावा लागला, हे आपण लिहिले आहे तसे वडील निदर्शनास आणतात. ही भीती निराधार नाही, आणि न्यायाधीशही तिची दखल घेतील. त्यामुळे पथकासोबत जाणाऱ्या प्रौढांची नावे, वैद्यकीय विमा, परतीचे तिकीट, मुक्कामाचा तपशील आणि पथकप्रमुखांचे पत्र अर्जाला जोडावे. मूल परत येणार नाही, अशी दुसरी शंका असल्यास परतल्यावर ठरावीक दिवसांत पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची हमी आपण स्वतःहून द्यावी; प्रवासात वडिलांशी मुलाचे नियमित बोलणे करून देण्याचीही तयारी दाखवावी. अशा हमीनंतर कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकांसमोरच वडिलांनी सही केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि मुलाच्या दृष्टीने तोच सर्वांत चांगला निकाल ठरतो.

१५ वर्षांच्या मुलाला स्वतःचे मत असते आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये ते विचारात घेण्याची तरतूद आहे. न्यायाधीश त्याच्याशी बोलू शकतात. त्याला काहीही पढवून पाठवू नका.

पथकाकडे नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी, परवानगी किंवा व्हिसा न मिळाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. परवानगी मिळाल्यानंतर, तातडीच्या वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार पथकप्रमुखांना देणारे पत्र इंग्रजीत तयार करून नोटरी करावे आणि त्याची एक प्रत न्यायालयाच्या आदेशासोबत मुलाच्या सामानात ठेवावी.