नवरदेवाला कुणी विचारलं का?

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर चाळीसगाव, धाकट्या मुलाचं लग्न डिसेंबरात धुळ्याला. लिहितात, "प्लॅनर रोज नवरीशी बोलते, मेकअपची ट्रायल झाली, मेहंदी ठरली, आमच्या मुलाकडे फक्त शेरवानीचं माप मागितलं, तेही व्हॉट्सअॅपवर. तो म्हणतो मम्मी, तूच बघून घे." पुढे डेकोरेशनचा रंग, सोनं किती आणायचं, पाहुणे कुठे उतरवायचे, मोठ्या मुलाचं काय करायचं, सगळं.

ताई, राग मानू नका, पण एवढ्या लांब पत्रात मुलाला काय हवंय याची एक ओळ नाही. प्लॅनर विचारत नाही हे खरंच, मग घरातलं तरी कुणी विचारलं का? "तूच बघून घे" म्हणजे त्याला काही नको असं नसतं हो, आपण पोरांना लहानपणापासून लग्न म्हणजे बायकांचं काम असंच दाखवलंय, मग तो काय बोलणार.

आणि नवरदेवाला असं बाजूला ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत मुळीच नाही. खानदेशात आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. माझी आजी म्हणायची, "पहिले नवरदेवले, मंग नवरीले." बायका त्याचं नाव घेऊन अहिराणीत गाणी म्हणायच्या, मारुतीच्या पारावर त्याचा मान व्हायचा, साला कान पिळायचा. आता पॅकेज येतं ब्रायडल, त्यात साड्या नेसवणं, केस, ट्रायल सगळं, आणि नवरदेवाला काय तर फेटा फ्री.

माझ्या भाच्याचं लग्न अमळनेरला झालं. जाडजूड अल्बम आला, त्यात तो एकटा असलेला एकच फोटो, तोही खाली वाकून बूट घालतानाचा, तोंड दिसत नाही. आजोबांच्या पाया पडला तेव्हा म्हातारा रडला, ते कुणी काढलंच नाही, फोटोग्राफर नवरीच्या रूमवर होता. आजोबा आता नाहीत. माझी बहीण अजून तो अल्बम उघडत नाही.

म्हणून आज रात्रीच मुलाला फोन करा, फोनवरच दोघं मिळून तीन-चार गोष्टी लिहून काढा, कोणते फोटो हवेत, हळदीला कोण मित्र, घोड्यावर बसायचंय की नाही (खूप पोरांना नको असतं, बोलत नाहीत), आणि ती यादी त्याला स्वतःच्या नंबरवरून प्लॅनरला पाठवू दे. नवरदेवासाठी वेगळा फोटोग्राफर मागा, अॅडव्हान्स देण्याआधी लेखी घ्या. शेरवानीची ट्रायल धुळ्याला पोहोचल्यावर अंगावर घालूनच घ्या, व्हॉट्सअॅपच्या मापावर खांदे कधीच बसत नाहीत.

मोठ्याचं लिहिलंत, "त्याचा नवरा सोबत येणार, गावात जेवण घालायचंय पण हॉलवाल्याच्या फॉर्मवर वर आणि वधू असंच आहे." कॅनडात असं लग्न 2005 पासून देशभर कायदेशीर आहे. आपल्याकडे 2018 ला ते नातं गुन्हा राहिलं नाही, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने लग्नाला मान्यता दिली नाही. म्हणून इथे नोंदणी होणार नाही, जेवण घालायला मात्र कुठलाच कायदा आडवा येत नाही. फॉर्मवर दोन्ही रकान्यांत दोघांची नावं लिहा, मॅनेजरला आधीच सरळ सांगा, आणि वरण-बट्टीच्या पंगतीला दोघांना जोडीनेच बसवा. वाढताना कुणी अडखळलं तर तुम्ही स्वतः वाढा. त्यालाही कुणीतरी नवरदेव म्हणायला हवं ना.

धाकट्याचं रजिस्टर लग्न करायचं असेल तर 1954 च्या स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये 30 दिवसांची नोटीस आहे, आणि दोघांपैकी एकाने आधी 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं लागतं, नवरी धुळ्याची असल्याने ते जमेल, पण कामाला आत्ताच लागा. सोन्याचे नियम निघण्याआधी कस्टमच्या साइटवर बघा. पाहुणे लॉजवर उतरवा. डेकोरेशनचा रंग कुठलाही चालेल, फक्त तोही मुलाला विचारून ठरवा.