वाचकांचे प्रश्न : ग्रीक मेझेचं ताट, कोल्हापूरच्या बाजारातून

पाहुण्यांसाठी ग्रीक पद्धतीचं स्टार्टरचं ताट कसं मांडावं, यावर आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : घरी बारा पाहुणे येणार आहेत. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे, त्याआधी ग्रीक प्लॅटर ठेवायचं आहे. त्यात काय ठेवावं, किती करावं आणि सगळं कोल्हापुरात मिळेल का?
— एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : ग्रीसमध्ये या छोट्या छोट्या पदार्थांना मेझे म्हणतात. शब्द तिथे तुर्कीतून गेला आणि त्याचं मूळ फारसीत ‘चव’ या अर्थी आहे. आपला ‘मजा’ त्याच मुळातून आलेला. तेव्हा ताटात पोट भरण्याचा बेत नको. पुढे रस्सा-भाकरी असेल तर पिटा ब्रेड सोडून माणशी १५० ते १७५ ग्रॅम पुरे होतं. त्याहून जास्त ठेवलंत तर रश्शाला न्याय मिळणार नाही.

बारा जणांसाठी असा हिशेब धरा : त्झात्झिकी (काकडी-चक्क्याचं डिप) ५०० ग्रॅम, फावा (वाटाण्याच्या डाळीचं डिप) ५०० ग्रॅम, फेटा चीज २५० ग्रॅम, पाणी काढून २०० ग्रॅम ऑलिव्ह आणि काकडी-टोमॅटो मिळून ६०० ग्रॅम. पाच पदार्थ भरपूर झाले. आठ-दहा प्रकार मांडले की प्रत्येक वाटी अर्धी उरते आणि कशाचीच चव लक्षात राहत नाही.

बाहेरच्या म्हणून विकत आणायच्या वस्तू चारच : एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, ऑलिव्ह, सुका ओरेगानो आणि हवं असेल तर फेटा. मोठ्या सुपरमार्केटमध्ये या मिळतात. बाकी सगळं आपल्या रोजच्या बाजारातलं आहे. चक्का डेअरीत, वाटाण्याची डाळ लक्ष्मीपुरीत, काकडी, शेपू, पुदिना कपिलतीर्थ मंडईत.

ऑलिव्ह घेताना बरणी नीट पाहा. डब्यातली एकसारखी काळीकुळकुळीत, भोकवाली ऑलिव्ह बहुधा कच्च्या फळांवर प्रक्रिया करून काळी केलेली असतात. ती मऊ आणि बेचव लागतात. कालामाता जातीची जांभळट, बदामाच्या आकाराची ऑलिव्ह महाग असली तरी चवीत फार पुढे आहेत. खाऱ्या पाण्यातून काढून धुवा, दोन चमचे ऑलिव्ह ऑइल, चिमूटभर ओरेगानो आणि लिंबाची किसलेली साल लावून तासभर ठेवा. बी असलेली असतील तर शेजारी रिकामी वाटी ठेवायला विसरू नका.

पिटा घरी करणं सोपं आहे. ग्रीक पिटा अरबी पिटासारखा फुगून आत पोकळ होत नाही, जाडसर आणि मऊ राहतो. म्हणून ओव्हन नसला तरी लोखंडी तव्यावर छान होतो. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, एक चमचा साखर, दोन मोठे चमचे तेल. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका. उन्हाळ्यात पाऊण तासात होतं, थंडीत दीड तासही लागतो. आठ गोळे करा, पाव इंच जाड लाटा, वीस मिनिटं विसावू द्या आणि तेल लावलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजा. भाजल्याबरोबर फडक्यात गुंडाळा. उघडे ठेवले तर कडा पापडासारख्या होतात. प्रत्येकाचे सहा तुकडे करा, माणशी चार येतात.

हमस (काबुली चण्याचं डिप) ठेवावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. हमस अरबी मुलखातलं आहे. चवीला हरकत नाही, पण ताट ग्रीक म्हणायचं असेल तर फावा करा. त्याची कृती पुढे दिली आहे.

मांडताना ओली वस्तू वाटीत आणि कोरडी वस्तू ताटात, एवढं पाळा. चिरलेल्या काकडी-टोमॅटोला मीठ आधी लावू नका. पाणी सुटून पिटाखाली जातं आणि दहा मिनिटांत ब्रेडचा लगदा होतो. पिटा सगळ्यात शेवटी, गरम असतानाच ठेवा. चक्क्याचं डिप आणि चीज दोन तासांपेक्षा जास्त वेळ फ्रिजबाहेर नको. एप्रिल-मेमध्ये तर तासाभरातच आत ठेवा, नाहीतर निम्मंच डिप बाहेर काढा आणि लागेल तशी भर घाला.

प्रश्न : त्झात्झिकी दोनदा केलं. पहिल्यांदा त्याचं ताक झालं, दुसऱ्यांदा लसणाचा इतका उग्र वास आला की कुणी हात लावला नाही. कुठे चुकतं?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पहिली चूक काकडीची, दुसरी वेळेची.

काकडीत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नुसती किसून चक्क्यात घातली की मीठ लागताच ते बाहेर येतं. ५०० ग्रॅम चक्क्याला ३०० ग्रॅम काकडी घ्या. जून बिया काढा, जाड किसणीने किसा, एक छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा. मग सुती फडक्यात बांधून पिळा, हात दुखेपर्यंत पिळा. कीस निम्म्यावर आला पाहिजे. किसण्याआधी प्रत्येक काकडी चाखा. एक कडू निघाली की सगळं डिप फुकट जातं.

चक्क्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. ग्रीक लोक दही गाळून जे घट्ट करतात, ते आपल्याकडे श्रीखंडासाठी पिढ्यान्‌पिढ्या होतं. मात्र श्रीखंडाच्या चक्क्याला थोडा आंबटपणा चालतो, कारण पुढे साखर पडते. इथे साखर नाही. म्हणून त्याच दिवशीचा, गोडसर वासाचा चक्का मागा आणि घेण्याआधी चाखा. घरी बांधणार असाल तर म्हशीच्या दुधाचं एक किलो ताजं दही तीन-चार तास टांगा. रात्रभर टांगलेला किंवा डेअरीचा चक्का फार घट्ट वाटला तर दोन-तीन चमचे दह्याने सैल करा, पाण्याने नको.

लसणाचं असं आहे की कच्चा ठेचलेला लसूण चक्क्यात तासागणिक चढत जातो. करताना बेताचा वाटतो आणि रात्री डोक्यात जातो. ५०० ग्रॅमला दोन लहान पाकळ्या पुरे. खलबत्त्यात मीठ घालून अगदी बारीक करा आणि एक मोठा चमचा व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं ठेवून मग मिसळा. आम्लामुळे उग्रपणा उतरतो. त्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल आणि तेवढाच बारीक चिरलेला शेपू घाला. हाताने कालवा, मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो. दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्या.

जिरं, साखर, दाण्याचं कूट आणि फोडणी यांतलं काहीही घालू नका. त्यातलं एक जरी पडलं तरी ती चांगली कोशिंबीर होईल, त्झात्झिकी राहणार नाही.

प्रश्न : फेटा महाग पडतो. पनीर चालेल का?
— एक वाचिका, कागल

उत्तर : चालेल, पण फेटा म्हणून नाही. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा, फार तर ३० टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध मिसळलेला असतो. तो खाऱ्या पाण्यात किमान दोन महिने मुरतो. युरोपीय संघात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसमधल्या ठरलेल्या भागांतल्या चीजला लावता येतं. आपल्याकडे गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाचं चीजही याच नावाने मिळतं. ते वाईट नसतं, फक्त जरा सौम्य असतं.

पनीरमध्ये आंबवण नसतं, त्यामुळे तो आंबट-खारट धारदारपणा येत नाही. थोडा आणता येतो. ५०० मिली पाणी उकळून गार करा, त्यात ४० ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. २५० ग्रॅम ताज्या पनीरचे जाड चौकोन त्यात पूर्ण बुडवून २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. चुरा करून भिजवू नका, फार खारट होतो. काढून पुसा, ऑलिव्ह ऑइल आणि ओरेगानो घाला. उलट, विकतचा फेटा फार खारट लागला तर पंधरा-वीस मिनिटं गार दुधात ठेवा.

फेटा चिरून मांडू नका. अख्खी वडी ठेवा, वरून तेल, ओरेगानो घाला. मधही छान लागतो. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचा मध मिळाला तर जरूर वापरा.

प्रश्न : फावा कशाची करतात? तुरीच्या डाळीची केली तर ती वरणासारखी लागली.
— एक वाचिका, ताराबाई पार्क

उत्तर : लागणारच. सँटोरिनी बेटावर फावा आपल्या लाखेच्या जवळच्या एका कडधान्याची होते, ग्रीसमध्ये इतरत्र पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची. ही डाळ हरभऱ्याच्या डाळीजवळच मांडलेली असते आणि घाईत फसायला होतं. वाटाण्याची डाळ गुळगुळीत, अर्धगोल आणि फिकट असते. हरभऱ्याची डाळ सुरकुतलेली असते आणि तिला एक टोक असतं. हरभऱ्याची घेतलीत तर पुरणाचा वास येईल.

२०० ग्रॅम डाळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. ७०० मिली पाणी, चार फोडी केलेला कांदा आणि दोन चमचे तेल घालून कुकरमध्ये एका शिट्टीनंतर बारीक आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. तेल हवंच, कारण ही डाळ फार फेसाळते आणि फेस शिट्टीत अडकतो. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. बोअरचं जड पाणी वापरलंत तर डाळ कितीही शिजवली तरी कणीदार राहते, पिण्याचं पाणी घ्या.

गरम असतानाच घोटा, मग मीठ, एका लिंबाचा रस आणि तीन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल हाताने मिसळा. हे तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तर कडवट होऊ शकतं. गरम असताना सैल पिठल्याइतकी पातळ दिसली पाहिजे. गार झाल्यावर ती घट्ट होते. गरम असतानाच घट्ट केलीत तर पाहुणे येईपर्यंत सुरीने कापावी लागेल. तसं झालंच तर गरम पाणी चमचा-चमचा घालून घोटा. वरून बारीक चिरलेला कच्चा कांदा, ओरेगानो आणि सढळ हाताने तेल.

प्रश्न : माझं माहेर तासगावचं, द्राक्षबाग आहे. तिथली पानं आणून डोल्मा (पानात तांदळाचं सारण भरून केलेली गुंडाळी) करता येईल का?
— एक वाचिका, जयसिंगपूर

उत्तर : पानांची जात उत्तम आहे. थॉम्पसन सीडलेसची पातळ, मऊ पानं यासाठी जगभर पसंत करतात आणि तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण त्याच घराण्यातलं. अडचण फवारणीची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणारी कोवळी पानं दिसायला मोहक असतात, पण बागेत त्या काळातही बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं मारली जातात. धुऊन ती पूर्ण जात नाहीत. म्हणून व्यापारी बागेतली पानं नकोच. परसात एखादा वेल असेल आणि त्यावर काहीच मारलं नसेल तरच तळहाताएवढी कोवळी पानं घ्या आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढा.

नाहीतर कोबीची पानं घ्या. ही तडजोड नाही, ग्रीसमध्ये कोबीचे डोल्मे स्वतंत्रपणे केले जातात. ३० ते ३५ डोल्म्यांना २०० ग्रॅम तांदूळ, २५० ग्रॅम कांदा, १०० मिली ऑलिव्ह ऑइल, अर्धी जुडी शेपू, मूठभर पुदिना, दोन लिंबं. तांदूळ इंद्रायणी घ्या, तो चिकट असल्याने सारण एकत्र राहतं. आजऱ्याचा घनसाळ सुंदर असतो, पण त्याचा स्वतःचा सुवास पुदिन्याशी भांडतो. कांदा तेलात मऊ करा, तांदूळ परता, अर्धी वाटी पाणी घालून ते आटेपर्यंतच शिजवा. पानावर एक छोटा चमचा सारण ठेवून बोटाएवढी गुंडाळी करा, सैलसर. तांदूळ फुगतो, आवळून बांधलेलं पान फाटतं. पातेल्यात घडी खाली करून दाटीने लावा, बुडेल इतकं पाणी आणि लिंबाचा रस घाला, वर उलटी थाळी दाबून ठेवा आणि मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं शिजवा. खळखळून उकळू देऊ नका. त्याच पातेल्यात गार होऊ द्या आणि आदल्या दिवशीच करा, मुरल्यावर चव येते.

प्रश्न : पाहुण्यांत जैन कुटुंब आहे. काय टाळावं?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : कांदा-लसूण तर टाळालच. त्झात्झिकीत लसणाऐवजी शेपू-पुदिना वाढवा, फावा कांद्याशिवाय शिजवा. पण यापेक्षा सहज सुटणारी गोष्ट द्विदलाची आहे : कच्च्या दह्यासोबत डाळ अनेक जैन घरांत चालत नाही. त्यामुळे त्झात्झिकी आणि फावा त्यांच्या ताटात एकत्र नको, दोन्हींतलं एकच ठेवा. फेटा पारंपरिक पद्धतीत वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात, म्हणून पाकिटावरचं हिरवं चिन्ह पाहा. मध, यीस्टचा पिटा आणि बरणीतली ऑलिव्ह याबद्दल घराघरांत वेगळे नियम असतात, आधी फोन करून विचारा. सूर्यास्तापूर्वी खाणारे असतील तर ताट पाचलाच मांडा.

प्रश्न : आमच्याकडे तिखटाशिवाय कुणाला काही रुचत नाही. कांदा-लसूण मसाला घालू का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नको. त्या मसाल्यापुढे शेपू, लिंबू, ऑलिव्ह ऑइल यांपैकी काहीच उरत नाही. ग्रीकांचं स्वतःचं तिखट डिप आहे, तिरोकाफ्तेरी. २०० ग्रॅम फेटा, १०० ग्रॅम चक्का, एक भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, दोन चमचे ऑलिव्ह ऑइल, एक चमचा व्हिनेगर. तिखटपणासाठी संकेश्वरी मिरच्या वापरा : तीन मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, वाटा आणि थोड्या थोड्या मिसळत चाखत जा. ढोबळी भाजल्यावर फडक्यावर पसरून कोरडी करा. मीठ घालू नका, फेट्यात पुरेसं आहे.

ओरेगानोबद्दल एक सूचना. पिझ्झासोबत येणाऱ्या पुड्यांत बहुधा मीठ, लसूण आणि मिरचीही असते, त्या वापरू नका. ओवा हाही पर्याय नाही, फार जळजळीत पडतो. सुका ओरेगानो तळहातावर चोळून, वाढण्याच्या क्षणी घाला.