बडोद्याहून वल्लभ विद्यानगरला रोजची ये-जा: रेल्वे, एस.टी. की स्कूटर?

दांडिया बाजारात मावशीकडे राहून वल्लभ विद्यानगरच्या महाविद्यालयात दहा ते साडेपाच नोकरी करायची आहे, तर स्कूटर घ्यावी की रेल्वेचा पास काढावा, असे तुम्ही विचारले आहे. मी याच भागात राहून नऊ वर्षे विद्यानगरला लागूनच असलेल्या आणंदला अप-डाउन केले (बडोद्यातल्या मराठी घरांतही रोजच्या ये-जा करण्याला हाच शब्द आहे). माझे मत असे की पास काढावा, एस.टी. हाताशी ठेवावी, आणि स्कूटर घेतलीच तर ती फक्त स्टेशनापर्यंत न्यावी.

अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाई असल्यामुळे तुमच्या वाट्याला वासदवरून जाणारा जुना महामार्गच येतो, आणि त्यावर अवजड ट्रकांच्या शेजारून जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर रोज चालवणे मला धोक्याचे वाटते. खर्चाचे म्हणाल, तर महिन्याचा पास एका आठवड्याच्या पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

बडोदा-आणंद हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर मुंबई-अहमदाबाद मुख्य मार्गावर असल्यामुळे गाड्यांची वाण नाही, मात्र वेळेचा हिशेब जरा वेगळा करावा लागतो. मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट देण्यासाठी मेमूला (जवळच्या अंतराच्या विजेवरच्या लोकल गाडीला) मधल्या एखाद्या लहान स्टेशनावर बाजूला उभे करतात, आणि ती किती वेळ उभी राहील हे डब्यातले जुने पासवालेसुद्धा सांगू शकत नाहीत. म्हणून जी गाडी तुम्हाला जेमतेम वेळेवर पोहोचवते, तिच्या आधीची गाडी आपली समजावी.

साध्या मासिक पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. दुसऱ्याच महिन्यात मी घाईघाईने स्लीपरच्या डब्यात चढले आणि भाड्याशिवाय २५० रुपये दंड भरून खाली उतरले. चूक सर्वस्वी माझी होती. तिमाही पास मासिकाच्या २.७ पटीत मिळतो, पण नोकरीत पाय स्थिरावेपर्यंत मासिकच घ्यावा. तो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावा, कारण माझा पहिला पास पर्समध्ये भिजून त्यावरची तारीखच वाचेनाशी झाली होती.

बडोद्यात एस.टी.चा मुख्य डेपो रेल्वे स्टेशनाला अगदी लागून आहे, आणि ही सोय कागदावर दिसते त्यापेक्षा मोठी आहे. गाडी रखडल्याची घोषणा झाली की पाच मिनिटांत तुम्ही बसच्या फलाटावर असता. बाहेर उभ्या असलेल्या खासगी इको व्हॅन लवकर निघतात हे खरे, पण मागच्या सीटवर चौथी व्यक्ती कोंबली जात असेल तर त्यात बसू नये.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. दांडिया बाजार आणि स्टेशन यांच्यामध्ये विश्वामित्री आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती नदी किती माजू शकते हे सगळ्या शहराने पाहिले. जोराचा पाऊस झाला की अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरते. तुमचा रस्ता तिथून जात नसला तरी तिकडची वाहने इतर रस्त्यांवर येतात आणि रिक्षा मिळेनाशी होते. अशा दिवशी अर्धा तास आधी निघावे, आणि नदीचे पाणी चढत असल्याची बातमी असेल तर महाविद्यालयाला कळवून घरीच थांबावे. हे मुलाखतीतच विचारून घेतलेत तर पुढे अवघडल्यासारखे होणार नाही.

परतीचा विचार मात्र नीट करावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला सुटलात तरी बहुतेक प्रवास अंधारात होणार. विद्यानगरहून आणंद स्टेशनला येणारी शटल रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तेथे दहा-पंधरा मिनिटे धरून चालावे. चालकाच्या शेजारची अर्धी जागा देऊ केली तर सरळ नकार देऊन पुढच्या रिक्षेची वाट पाहावी. मेमूत महिलांचा डबा फलाटावर कोठे येतो हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावे. रेल्वेचा १३९ आणि गुजरातमधील महिलांसाठीचा १८१ अभयम हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये असू द्यावेत. मावशींना रोज कोणत्या गाडीत बसलात एवढे कळवलेत तरी पुरे.

पास काढण्याआधी एखाद्या सोमवारी साधे तिकीट काढून जाऊन यावे, आणि येताना मुद्दाम साडेपाचनंतरच महाविद्यालयाच्या दारातून निघावे. घरी पोहोचायला किती वाजतात ते पाहून मगच नोकरीला होकार कळवावा.